नॉरफोकच्या पुलावरचं नाणं

१

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात. मी रोज सकाळी जर्मनीतल्या बॉबलिंगेन गावातल्या ऑफिसात जाते, चाकं नसलेल्या एका गाडीत बसते, पट्टा लावते आणि नॉरफोकमध्ये गाडी चालवते. नॉरफोक ही इंग्लंडच्या पूर्वेची एक काउंटी. मी तिथे आयुष्यात गेलेले नाही. व्हिसा काढायलाच कधी जमलं नाही.

गाडी खरी आहे, म्हणजे तिचं धड खरं आहे. दारं उघडतात, काचा खाली होतात, स्टिअरिंग उजवीकडे आहे. ते धड हलत्या लोखंडी पायांवर उभं केलंय आणि भोवती तिन्ही बाजूंनी वळलेला पांढरा पडदा. खाली लोखंडी जाळी, जाळीखाली केबल्सचा गुंता. आमची एक मोजणीची गाडी लेझर आणि कॅमेरे लावून नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावर फिरून आली होती. तिने आणलेल्या आकड्यांमधून आम्ही तो किनारा इथे उभा केला. झुडपांची कुंपणं, पाट्या, चर्चचे मनोरे, सगळं. तिथल्या अरुंद रस्त्यांवर गाडीचं सॉफ्टवेअर नीट वागतं की नाही ते बघायचं, एवढाच माझा उद्योग.

हे काम माझ्याकडे आलं त्यात हुशारीचा भाग नाही. आमच्या टीममधले जर्मन लोक डावीकडून चालवायची वेळ आली की पहिल्याच राउंडअबाउटला श्वास रोखून धरतात. मी मिरजेची. मी तिथे स्कूटी चालवत कॉलेजला जायचे, असं आई सांगते. काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये हृषिकेश बसतो. तो नाशिकचा, बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून मी त्याचा आवाज अधूनमधून बंद करून टाकते.

दोन गोष्टी आत्ताच सांगते, पुढे लागतील. एक, चालकाचा पट्टा सुटला की सुरक्षेसाठी सगळं आपोआप बंद पडतं. पडदा काळा, गाडी स्तब्ध. दुसरी, मोजणीची गाडी गेली तेव्हा तिकडे ओहोटी होती. त्यामुळे आमच्या नॉरफोकमध्ये कायम ओहोटी. कायम तीच एक सकाळ, तेच ढग, खाड्यांच्या तळाशी तोच चकचकीत चिखल. जे काही थोडं पाणी आहे ते हलत नाही. पाणी हलवायला वेगळं बजेट लागतं आणि ते आम्हाला मिळालं नव्हतं.

२

माझे सासरे भास्करअण्णा मार्चमध्ये आमच्याकडे आले. त्यांनी कराडच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. सासूबाई गेल्यावर एकटेच राहत होते, म्हणून पुष्करने, माझ्या नवऱ्याने, हट्ट करून आणलं. आल्यापासून ते बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगचे कचऱ्याचे डबे बघायचे. "आज पिवळा उचलला," एवढंच जेवताना बोलायचे. मला फार वाईट वाटायचं. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प बसवणारा माणूस, आणि आता डब्यांचे रंग मोजतोय.

संध्याकाळी मात्र ते उर्जाला घेऊन बसत. उर्जा आमची आठ वर्षांची लेक. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर अण्णा तिला कराड काढून दाखवायचे. हात न उचलता. इकडून कृष्णा, तिकडून कोयना, दोघी समोरासमोर येऊन भेटतात, मग वळून एकत्र निघतात. मग घाट, घाटाच्या पायऱ्या, पेठ, शाळा, शाळेमागची बोळ आणि बोळीच्या टोकाला आपलं घर.

"नोख माल," उर्जा म्हणायची, म्हणजे पुन्हा एकदा. आणि अण्णा पुन्हा काढायचे.

मग आमच्या ऑफिसात एक अभ्यास निघाला. वयस्कर माणसांना असल्या गाडीत शेजारी बसून मळमळतं का, हे बघायचं होतं. हौशी म्हातारी माणसं हवी होती. मी अण्णांचं नाव दिलं. म्हटलं, डब्यांपेक्षा बरं.

पहिल्या दिवशी मी त्यांना माझ्या डावीकडे बसवलं, पट्टा लावून दिला आणि पडदा उजळला. अण्णा पुढे वाकले. मोठ्ठं आभाळ आणि खाली जमिनीची नुसती एक पट्टी.

"हे नॉरफोक," मी म्हणाले.

"ते दिसतंय की," अण्णा म्हणाले. "एवढं सपाट दुसरं कुठलं असणार? आमच्या बीएडच्या मास्तरांनी याच्यावर अख्खा तास घेतला होता."

मग ते जे बोलायला लागले ते थांबेनात. मी गाडी हळू केली. खाली खडू, म्हणजे आपण फळ्यावर लिहितो तोच, त्यावर हिमनदीने आणून टाकलेली माती आणि गारगोट्या. बांधायला दगडच नाही, म्हणून लोकांनी गारगोट्या रचून चर्च बांधली. गारगोटीला कोपरा नीट येत नाही, म्हणून कितीतरी मनोरे गोल. शेतात एकटंच चर्च उभं दिसतं, भोवती घर नाही, कारण वस्ती कधीतरी उठून दुसरीकडे गेली. रस्ते मध्येच काटकोनात वळतात, कारण तिथे कोणे एके काळी कुणाच्या तरी शेताचा बांध होता. बांध गेला, वळण राहिलं.

"आणि एक लक्षात घे," अण्णा म्हणाले. "कुठेही जाताना नॉरफोक वाटेत लागत नाही. पुढे समुद्रच आहे. तिथे जायचं तर तिथेच जायचं असतं. त्यामुळे माणसंही तशीच. आल्या-गेल्याची त्यांना सवय नाही, घाई नाही. आपल्या परीने राहतात."

"आणि समुद्र?"

"समुद्र पूर्वेकडची कडा खातो. मऊ माती आहे ती, गावंच्या गावं गेली. पण फुकट नेत नाही हो तो. तिकडचं खाऊन इकडे उत्तरेला आणून ठेवतो. ही समोरची सगळी दलदल म्हणजे त्याने ठेवलेला माल."

रस्ता खाडीवरच्या एका छोट्या पुलावर चढला. खाली तो चिखल, मध्ये पाण्याची एक न हलणारी रेघ. अण्णांनी खिशात हात घातला, काच खाली केली, दोन रुपयांचं नाणं बाहेर टाकलं आणि हात जोडले.

मला हसू आलं. कराडला एसटी कृष्णेच्या पुलावर आली की ते हेच करतात. नदी ओलांडायची तर तिला काहीतरी द्यायचं. गाडीतली अर्धी माणसं करतात. माझीही आई करते.

"अण्णा, ते पडद्यावरचं पाणी आहे."

"अगं, सवय," अण्णा ओशाळून म्हणाले.

हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं, की नाण्याचा आवाज झालाच नाही.

३

खाली लोखंडी जाळी आहे. पेनचं टोपण पडलं तरी खणकन वाजतं. मी आणि हृषिकेशने मोबाईलच्या उजेडात जाळी, केबल्स, पायांचे सांधे सगळं बघितलं. हाती लागला एक वाळलेला च्युइंगगम.

"केबलच्या गुंत्यात अडकलं असेल," हृषिकेश म्हणाला. "सापडलं की फ्रेम करून लावू. नॉरफोकला महाराष्ट्राची भेट."

मलाही तेच पटलं. मी इंजिनियर बाई आहे, वस्तू हवेत विरत नाहीत.

घरी अण्णा खुशीत होते. जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुष्करला सगळं सांगितलं, आणि पुष्करने टेबलाखालून माझा हात दाबला. फार दिवसांनी त्याचे बाबा त्याला दिसले होते. मग ते उर्जाला घेऊन बसले आणि कराड काढलं.

मी भांडी मशीनमध्ये लावत होते. उर्जा म्हणाली, "आजोबा, दास इस्ट फाल्श." चुकलंय.

मी सहज वाकून बघितलं. कृष्णा बरोबर होती. कोयना समोरून येताना मध्येच फाटली होती. तिला दोन फाटे फुटले होते, त्या फाट्यांना आणखी फाटे, झाडाच्या मुळ्या फुटतात तसे. घाटाच्या पायऱ्या नव्हत्या.

"काय चुकलं?" अण्णांनी खरोखर बुचकळ्यात पडून विचारलं.

"घाट, अण्णा."

"घाट," ते म्हणाले आणि पेनने कागदावर जागा शोधायला लागले. मग हसले. "विसरलोच की."

पुढच्या आठवड्यात पेठ गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात शाळेच्या जागी त्यांनी एक गोल मनोरा काढला आणि भोवती काहीच नाही. उर्जा आता "नोख माल" म्हणत नव्हती. ती माझ्याकडे बघायची.

४

अण्णांचं वय चौऱ्याहत्तर. विसरतात माणसं. पुष्कर म्हणाला, जागा बदलली की म्हातारी माणसं गोंधळतात. न्यूरोलॉजिस्टचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मागितला, तो मिळाला पार जुलैतला. मी स्वतःला बजावलं की यात विचित्र असं काही नाही.

मग एक मंगळवार आला. मी एकटीच गाडीत होते. रोजचाच रस्ता, काटकोनाचं वळण, चर्च, पूल. हृषिकेश कानात कुठल्याशा मिसळीबद्दल बोलत होता.

पुलावर आले आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. खाडीत पाणी होतं.

ते येत होतं. आवाज नाही, लाट नाही. चिखलातल्या बारीक बारीक वाटांमधून पाणी आत शिरत होतं, एक वाट भरली की दुसरी, दुसरीतून तिसरी. जमीन खाली जातेय की पाणी वर येतंय ते कळेना. बघता बघता दूरवरपर्यंतची हिरवी-तपकिरी दलदल चांदीची झाली, आणि तिच्यात ते अख्खं आभाळ उतरलं. वर आभाळ, खाली आभाळ आणि मधे माझा छोटासा पूल. मी भ्याले नव्हते. इतकं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि ते बॉबलिंगेनच्या पहिल्या मजल्यावर बघत होते.

"हृषिकेश, पाणी कुणी लावलं?"

"काय?"

"भरती. कुणी प्रोग्राम केली?"

"अगं मुक्ता, इथे तर नेहमीचाच चिखल दिसतोय. तू चहा घेतलास का सकाळी?"

त्याच्या मॉनिटरवर खरंच चिखल होता. मी नंतर रेकॉर्डिंग बघितलं, त्यातही चिखल. मी पुलावर गाडी थांबवून बसलेय, एवढंच त्यात होतं. डोळे तपासून घ्यायला हवेत, मी ठरवलं. पडद्यासमोर दिवसभर बसून होतं असं कुणाकुणाला.

त्या संध्याकाळी मी घरी याबद्दल एक अक्षर बोलले नाही. अण्णा आमटीत भात कालवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज भरती मोठी होती ना."

५

मे महिन्यात कराडहून वासुदेवकाकांचा फोन आला. हे अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. घाटावर दोघं रोज फिरायला जात. मी व्हिडिओ लावून फोन अण्णांच्या हातात दिला. काका घाटावरच उभे होते, मागे संगम दिसत होता.

"भास्कर, ओळख बघू कुठे आहे मी."

अण्णांनी बघितलं. अगदी सभ्यपणे म्हणाले, "छान जागा आहे. आपण कोण?"

काका थट्टा समजून हसले. मग हसायचे थांबले. मी फोन घेऊन आत गेले आणि त्यांना काहीबाही सांगितलं. ते रडत होते.

मी बाहेर आले तेव्हा अण्णा बाल्कनीत उभे होते. "मला आत्ता कळलं, ते माझ्या फार जवळचं कुणीतरी होतं," ते म्हणाले. "चेहरा बघून कळलं. मला नाही आठवलं. तुझं नाव पण मी मघाशी मनात शोधत होतो, बाई."

"मुक्ता."

"हां, मुक्ता." ते कठड्याला धरून उभे राहिले. "आणि तिकडचं विचार. कुठली वाट कुठे वळते, कुठल्या खाडीत पाणी आधी शिरतं, चर्चमागे कुठलं झुडूप आहे. डोळे मिटले की सगळं दिसतं. इतकं स्वच्छ तर मला कराडही कधी दिसलं नव्हतं. मला भीती वाटते गं. पण तिकडे असलो की नाही वाटत."

मी त्यांना ऑफिसला न्यायचं बंद केलं. काही फरक पडला नाही. त्यांनी पुष्करला "साहेब" म्हणायला सुरुवात केली. पुष्कर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचा, आणि मला ते भिंतीतून ऐकू यायचं.

त्यातच हृषिकेशने सांगितलं की नॉरफोक संपलं. शुक्रवारनंतर ते सर्व्हरवरून काढणार, पुढचं काम स्कॉटलंडचं.

त्या दिवशी मी स्वतःशी सरळ बोलले. पुराव्याने सिद्ध होण्यासारखं यात काहीच नव्हतं. पण अण्णांचं कराड जायला लागलं ते त्या पुलावर नाणं टाकल्यापासून. आणि हरवलेली वस्तू जिथे हरवली तिथेच शोधतात. शुक्रवारनंतर ती जागाच उरणार नव्हती.

६

शुक्रवारी दुपारी आमच्याकडे सगळे लवकर फायराबेंड करतात, म्हणजे काम आटपून घरी जातात. हृषिकेश थांबला, कारण मी सांगितलं की अण्णांना शेवटचं एकदा बघायचंय. अण्णांनी स्वतःच पट्टा लावला. घरात चाचपडत चालणारा माणूस तिथे पाच मिनिटांत ताठ बसला.

"पुढे डावीकडे घे," ते म्हणाले. "त्या वाटेने लवकर पोचू."

आमच्या मॉडेलमध्ये तिथे डावीकडे वाट नाही. मोजणीची गाडी त्या वाटेने गेलीच नव्हती. पण समोर वाट होती. मी वळले. दोन्ही बाजूंना उंच झुडपं, मग ती संपली आणि आभाळ एकदम उघडलं, आणि आम्ही पुलावर होतो. पाणी यायला लागलं होतं.

"थांब इथे."

मी थांबले. अण्णांनी पट्टा काढला, दार उघडलं आणि पाय खाली टाकला.

त्या दाराखाली जाळी आहे. मी ती रोज बघते. अण्णांचा पाय खडीवर पडला. खडी करकरली. खारट वारा आत आला, त्याला ओल्या चिखलाचा वास होता, आणि कुठूनतरी लांबून खूप पक्ष्यांचा कलकलाट. त्या दारातून मला पडदा दिसत नव्हता. दिसत होता तो किनारा, आणि तो कुठे संपत नव्हता.

"अण्णा," मी म्हणाले. "आत बसा."

ते खाडीच्या काठापर्यंत गेले आणि खाली बघत उभे राहिले. माझा हात पट्ट्याच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. मी पट्टा काढला तर सगळं बंद पडणार. बंद पडल्यावर अण्णा कुठे असणार? माझ्या डोक्याने सांगितलं की ऑफिसातच असतील, दुसरीकडे कुठे जाणार. माझ्या हाताला ते पटलं नाही.

मी पट्ट्याला ताण देऊन जमेल तेवढी वाकले आणि अण्णांच्या बाजूने खाली बघितलं.

पाणी आता काठाला लागलं होतं, काचेसारखं स्वच्छ. आणि पाण्याच्या तळाशी घाट होता. पायऱ्या होत्या, एकेक मोजता यावी अशी. पेठेत दुपार होती, दुकानांच्या ताडपत्र्या वाऱ्याने फुगत होत्या. शाळेच्या पटांगणात कुणी नव्हतं. बोळीच्या टोकाला घर होतं, आणि घराचं दार उघडं होतं.

मी नजर वर केली. नाही करायला हवी होती. पलीकडची खाडीही भरली होती, तिच्या तळाशी दुसरं कुठलं तरी गाव होतं. त्याच्या पलीकडच्या खाडीत आणखी एक. क्षितिजापर्यंत जितक्या खाड्या तितकी गावं, पाण्याखाली उन्हात ठेवलेली, नीट जपलेली, कुणाकुणाची कोण जाणे. कुठल्याही गावात माणूस नव्हतं. ते इतकं सुंदर होतं की मला गाडीतच हात जोडावेसे वाटले.

अण्णांनी चप्पल काढली. घाटावर उतरताना काढतात तशी, काठावर जोडून ठेवली. आणि एक पाय पाण्यात घातला.

मी हाका मारल्या. अण्णा म्हटलं, बाबा म्हटलं, भास्करराव म्हटलं. ते वळले नाहीत. पाणी गुडघ्याला आलं होतं.

मी खिशात हात घातला. सुपरमार्केटच्या ट्रॉलीत अडकवायला मी कायम एक युरो खिशात ठेवते, तो लागला. माझं डोकं काही विचार करत नव्हतं, हातच करत होता, आई करते तसं. मी तो युरो उघड्या दारातून, अण्णांच्या खांद्यावरून खाडीत टाकला. हात जोडले. म्हटलं, यांचं यांना दे. बदल्यात काय हवं ते घे, पण यांना दे.

आवाज झाला नाही.

अण्णा वळले. चप्पल घातली. सावकाश आले, आत बसले, दार ओढून घेतलं.

"चल, मुक्ता," ते म्हणाले. "उर्जा शाळेतून आली असेल. पुष्कर आज लवकर येणार होता ना?"

कानात हृषिकेश म्हणाला, "मुक्ता, तुझं पॅसेंजर साइडचं दार मघापासून उघडं दाखवत होतं. सेन्सर गेलाय बहुतेक. जाऊ दे, आता काय, संपलंच."

पडदा काळा झाला. अण्णांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

७

अण्णा बरे झाले. जुलैत डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणाले. वासुदेवकाकांशी ते आता रोज तासभर भांडतात. उर्जाला कराड काढून दाखवतात, पायऱ्यांसकट. नॉरफोकबद्दल विचारलं तर म्हणतात, हो, तुझ्या ऑफिसात बघितलं होतं, सपाट आहे, बीट पिकतं. पुष्कर पुन्हा घरात शीळ घालायला लागला. माझ्या घरात इतका आनंद बऱ्याच दिवसांत नव्हता, आणि मी त्यात पुरती बुडाले होते.

मागच्या रविवारी मिरजेहून आईचा फोन आला. रस्ता रुंद करताना आपल्या दारातली चिंच पाडली, म्हणाली. "तुझा झोका होता गं तिला."

"हो ना," मी म्हणाले. फोन ठेवला आणि ती चिंच आठवायला लागले. आठवेना, दमले असेन म्हणून डोळे मिटले. मला काटकोनाचं वळण दिसलं.

उर्जा आणि अण्णा टेबलाशी कागद घेऊन बसले होते. "माम्मा, दू आउख," उर्जा म्हणाली. तू पण.

"काढ की," अण्णा म्हणाले. "तुमचं मिरजेचं घर काढ. लग्नाच्या वेळी मी आलोय तिथे. चुकलीस तर मार्क कापीन."

मी पेन घेतला. हात थांबेचना. रस्ता, वळण, झुडपं, वाट, सगळं आपोआप उतरत गेलं, आणि मला खूप बरं वाटत होतं. "झालं," मी म्हणाले.

अण्णांनी कागद आपल्याकडे ओढला. खाड्यांच्या फाट्यांवरून बोट फिरवत ते पुलावर आले आणि बोट तिथे ठेवलं.

"मुक्ता, इथे मी दोन रुपये टाकले होते. तू काय टाकलंस?"

"ट्रॉलीचं नाणं."

"आणि मागितलंस काय?"

"तुम्हाला," मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग एक नवा कागद घेतला, उर्जाला जवळ ओढलं आणि काढायला लागले. फार सावकाश, आठवून आठवून. एक रेल्वे स्टेशन. स्टेशनबाहेरचा रस्ता. एक दर्गा. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची गल्ली. एक घर आणि घरासमोर एक मोठं झाड, झाडाला झोका. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी नीट बघितलं. गाव छान होतं.

"कुठलं हो हे, अण्णा?" मी विचारलं.